तुझ्या अंगणातला उंदीर आणि नॉर्बर्टची शिडी

धाकटी बहीण लिओकाडिया हिला थोरल्या ब्रोनिस्लावाचा आशीर्वाद. (वाकून नमस्कार तू करायचा असतो. पण गेल्या पत्रात तू नुसतं "हाय ब्रोन्या" लिहिलंस. फ्लोरिडाच्या उन्हात माणसाची रीतभात आधी वितळते, चरबी नंतर.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या सुनेचा स्वभाव कसा आहे? दोन्हींत उतार नसेल तर कळवू नकोस, मला तशीही झोप लागत नाही. माझी विचारपूस तू केलेली नाहीस, तरी सांगते: पाय सुजलेत, खालचा दात हलतोय आणि तळघर भरलेलं आहे. तळघराचं पुढे येईल. इकडे सरोवरावरून वारा असा सुटलाय की चर्चच्या पायऱ्यांवर बायका एकमेकींना धरून चढतात, एरवी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे सुखरूप आहे. कुंड्यांना पाणी घालते. त्यातलं ते लांब झिपऱ्यांचं झाड गेलं. मुळातच रडवं होतं, माझ्यासमोर फार टिकलं नसतं.

तू पाठवलेला नॉर्बर्टचा फोटो पोचला. नवा गणवेश, हेल्मेट काखेत, मागे लाल बंब, शेजारी महापौर डेलहंटी, आणि दोघांचे मिळून असतील नसतील तेवढे दात बाहेर. अग्निशामक दलाचा नवा करार झाला हे मी पेपरात वाचलं होतं. (अडखळत वाचते, पण वाचते. तुला आईने आठवीपर्यंत शाळेत बसवलं, मला पाचवीतून काढून लाँड्रीत इस्त्रीला उभं केलं. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढत नाही.) तरी तू कात्रण पाठवलंस. वर फोटो पाठवलास. वर फोटोच्या मागे "आमचा नॉर्बी" लिहून बदाम काढलास. भरून पावले. मी तो फ्रिजवर लावलाय, डोकं खाली पाय वर. येता जाता बरा दिसतो.

आता मला एक सांग लोद्या. तुझा नातू आणि माझा नातू, दोघांचा बाप्तिस्मा सेंट हेडविग चर्चच्या एकाच दगडी भांड्यात झाला. पाणीही तेच होतं, कारण पाद्रीबाबा चिकट. दोघं एकाच वर्षी शहराच्या नोकरीला लागले, तुझा आगीत, माझा पोलिसात. मग असं काय झालं की बंब दिसला की आया पोरं उचलून दाखवतात, आणि टॅडीची गाडी दिसली की त्याच आया घाईघाईने सीटचा पट्टा लावतात? कुणाचं घर पेटलं आणि नॉर्बर्ट गेला तर तो देवदूत, मग घर राख झालं तरी चालेल. कुणाच्या घरी चोरी झाली आणि टॅडी गेला तर तो "आत्ता आलात होय?" नॉर्बर्टच्या ठाण्यावर लोक घरून केक आणून देतात. टॅडीला गेल्या नाताळात एका बाईने केक दिला, तर वरिष्ठ म्हणाले, खाऊ नकोस, आधी बघ काय घातलंय त्यात. (तो केक मी खाल्ला. काही घातलं नव्हतं, साखरसुद्धा.)

तरी लोकांच्या प्रेमाचं मला काही नाही, प्रेमाने घर मिळत नाही. करारानं मिळतं. आणि इथे माझं दुखणं आहे, ते नीट वाच. पोलिसांचा जुना करार संपून दोन हिवाळे गेले. नवा होत नाही तोवर पगार आहे तिथेच. पगार हलत नाही तोवर बँक कर्जाला हात लावू देत नाही. कर्ज नाही तोवर घर नाही, आणि घर नाही तोवर टॅडी, त्याची बायको डीना आणि ती दोन जुळी माझ्या तळघरात. न्हाणीघर एक. सकाळी उठून जावं तर दाराबाहेर पोलीस उभा, कमरेला पिस्तूल, "बुशा, आटप ना, हजेरी चुकेल." (आजी म्हणायला जीभ वळली नाही तेव्हापासून मी बुशाच.) आंबवलेल्या कोबीचं माझं पिंप तळघरातून हललं आणि माझ्या झोपायच्या खोलीत आलं. माझा स्टॅन गेल्यावर पलंगाशेजारची ती जागा इतकी वर्षं मी रिकामी ठेवली होती, तिथे आता कोबी आहे. (बोलत नाही, वास मारतो. फारसा फरक नाही.) आणि तुझा नॉर्बर्ट? दोन बैठकांत करार! कॉफी प्याले, डोनट खाल्ले, सह्या केल्या. पुढच्या महिन्यात त्याने घर घेतलं, आणि तू मला पत्रात लिहितेस की त्यात न्हाणीघरं दोन आणि वर एक पाहुण्यांसाठी "छोटंसं". छोटंसं! माणसाने शत्रूलासुद्धा असं लिहू नये.

माझ्या टॅडीचा करार का अडला, तर त्यांच्या युनियनचा अध्यक्ष लू मॅरिनेली. त्याला तू ओळखतेस, डोकं थेट खांद्यांवर, मान नाही तो. निवडणुकीत बंबवाल्यांच्या युनियनने डेलहंटीला पाठिंबा दिला, आणि लूने दिला त्या दुसऱ्याला, ज्याचं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. नुसता दिला नाही, सायरन वाजवत मिरवणूक काढली, तीही डेलहंटीच्या घरावरून. अख्ख्या शहरातले चोर ओळखणारी माणसं ही, पण जिंकणारा ओळखता आला नाही. आता डेलहंटी ते विसरेल? शहराचा वकील बैठकीला येतो, कोट काढतो, कोट घालतो, पुढची तारीख देतो. एक अख्खी दुपार त्यांनी पोलिसांनी दाढी ठेवावी की नाही यावर घालवली. लू म्हणाला, दाढी हा आमचा हक्क. वकील म्हणाला, लिहून द्या किती बोटं. पगाराचा विषय निघेपर्यंत इमारत बंद करायची वेळ झाली, आणि बंद करणारा चौकीदार दुसऱ्या युनियनचा, तो थांबेना.

संप करायची तर पोलिसांना कायद्याने बंदी. म्हणून लूने ठरवलं, गाड्यांवर दंडाच्या चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, तिजोरी आटली की महापौर वळणावर येईल. झालं उलटं. लोक खूश! जन्मात पहिल्यांदा लोकांनी पोलिसांना बघून हात हलवले. एका खाटकाने टॅडीला सॉसेजची माळ दिली. मला वाटलं, चला, आपलेही दिवस आले, लोद्याला कळवू. आणि त्याच आठवड्यात शवपेटीची लांब गाडी आणून कुणी माझ्या फाटकासमोर लावली. ड्रायव्हर पलीकडे जेवायला बसलेला. मला डॉक्टरकडे जायचं, आणि दारात ती काळी गाडी. शेजारची म्हातारी फुलं घेऊन आली, मला बघून नाराज झाली. मी पोलिसांना फोन केला. आला कोण? टॅडी. मी म्हटलं, "लाव चिठ्ठी." तो म्हणतो, "बुशा, आम्ही चिठ्ठ्या लावत नाही." मी म्हटलं, "मी तुला लहानपणी धुतलंय." तो म्हणतो, "युनियनचा निर्णय आहे." जेवण आटोपून ड्रायव्हर येईपर्यंत आम्ही दोघं त्या गाडीला टेकून उभे होतो. मग मी लूला घरी बोलावलं, समोर बटाट्याचं सारण भरलेल्या गरम पिरोगी ठेवल्या आणि सांगितलं, हे पोरखेळ पुरे, महापौराला घरात बसून लाज वाटेल असं काहीतरी कर.

तर लूने उंदीर आणला. तू युनियनचे ते फुगवायचे उंदीर पाहिले असशील, कुठल्या मालकाने कामगारांना फसवलं की त्याच्या दारात उभा करतात: दुमजली, पिवळे दात, पोटावर खरूज, खाली हवा मारणारा पंखा. हा प्लंबरांच्या युनियनकडून उसना आणला होता. आता महापौराच्या घरासमोर फुटपाथवर निदर्शनं करायला शहराची मनाई आहे. पण खासगी अंगणात कुणी काही उभं केलं तर कायदा काही म्हणत नाही, फक्त अंगणवाल्याची परवानगी हवी. महापौराच्या घराच्या बरोब्बर समोर एक घर आहे. मालकीण हिवाळाभर फ्लोरिडात असते. किल्ली थोरल्या बहिणीकडे असते. (ओरडू नकोस, तुझी सून घाबरेल. पुढे वाच.)

महापौर समोर राहायला आल्यापासून तू मला इतकं ऐकवलंयस, महापौरबाईंनी हे विचारलं, महापौरांनी कचऱ्याचा डबा आत नेऊन दिला, जसं काही तूच निवडून आलीस. तुझ्या त्या घराचा कधी आपल्या माणसांना उपयोग झाला? आता झाला. शनिवारी सकाळी उंदीर उभा राहिला. पंख्याची वायर तुझ्या व्हरांड्यातल्या प्लगला लावली (बिल आलं तर दचकू नकोस). एक दोर पत्रपेटीला बांधला, एक झाडाला, आणि तिसऱ्याला काही सापडेना तेव्हा मीच म्हटलं, तुझ्या अंगणात अर्ध्या पुरलेल्या बाथटबाच्या देव्हाऱ्यात मरियामातेची मूर्ती उभी आहे, तिच्या कमरेला बांधा, तिने जगाचा भार घेतलाय, उंदराचं काय. टॅडीने बांधला. शेजाऱ्याने तक्रार केली म्हणून कामावरचा एक पोलीस आला, तो युनियनचाच, आणि दुपारी कामावरून सुटून तिथेच फलक धरायला येणार होता. त्याने गंभीर तोंड करून सगळ्यांची नावं विचारली आणि परवानगी आहे असं लिहून गेला. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. लोद्या, काय दिसत होता तो! महापौरबाईंनी पडदा सरकवला आणि लगेच ओढला. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग सरोवरावरून वारा आला. उंदराने आधी महापौराच्या घराला वाकून नमस्कार केला, मग डावीकडे, मग उजवीकडे, जणू पाद्रीबाबाच. पत्रपेटी उपटली. झाडाचा दोर सुटला. मरियामातेने शेवटपर्यंत धरून ठेवलं, टबातून बाहेर आली, गवतावरून थोडी चालली, पण अखेर बाईमाणूस, तोंडावर पडली. आणि उंदीर उडाला. रस्ता ओलांडून गेला आणि महापौराच्या धुराड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. आत शेकोटी पेटलेली. धूर वर जाईना, घरात उतरला. महापौरबाईंनी फोन केला. कुणाला? बंबवाल्यांना. बंब आला, आणि पुढे बसून कोण आलं ते तुला सांगायला नको.

इथे तू खूश होशील, म्हणून भराभर सांगते. अख्खी गल्ली बाहेर आली आणि टाळ्या वाजवायला लागली. नॉर्बर्ट अजून गाडीतून उतरलाही नव्हता! नुसता बूट खाली ठेवला की टाळ्या! आमची पोरं सकाळपासून थंडीत फलक धरून उभी, त्यांना कुणी पाणी विचारलं नव्हतं. शिडी लागली, नॉर्बर्ट चढला, उंदराची शेपटी त्याच्या हातात आली, तेवढ्यात महापौर डेलहंटी खोकत खोकत सपाता घालून बाहेर आला आणि लूवर तुटून पडला. "लू, मी काय तुमचा वैरी आहे का रे? उद्या देतो तुम्हाला! पण तुम्हाला जे देईन ते सगळं त्यांनाही द्यावं लागतं. त्यांच्या करारात कलम आहे तसं. तुमच्या ताटात एक डॉलर वाढला की त्यांच्या ताटात एक आपोआप पडतो. दोघांना पुरेल एवढं शिजवू कुठून?"

आणि त्याने बोट वर केलं. सगळ्या गल्लीने वर बघितलं. वर नॉर्बर्ट, हातात शेपटी.

मी खालून हाक मारली, "नॉर्बर्ट! खरं का रे हे?"

तो म्हणतो, "मावशीआजी, शिडीवर असताना विचारू नको ना."

"मग खाली ये!"

"खाली तू आहेस."

लोद्या, तेव्हापासून माझ्या छातीत जळतंय, आणि कोबीमुळे नाही. म्हणजे माझा टॅडी बर्फात उभा राहणार, घसा फोडणार, वरिष्ठांच्या शिव्या खाणार, आणि त्याला जे मिळेल ते तुझ्या नॉर्बर्टला ठाण्यातल्या सोफ्यावर लोळत मिळणार! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळापर्यंत सरपटत तरी जातो. तुला माहीत होतं? खरं सांग. तू त्या "छोटंसं" वाल्या पत्रात हे लिहिलं नाहीस. मी रोज टॅडीच्या पगारवाढीसाठी माळ जपते. आता मणी ओढताना हात अडतो. मागावं तर तेवढंच तुझ्याही घरी जातं, न मागावं तर कोबी पलंगाशेजारी. देवालाही कळत नसेल मी काय मागतेय. मी सरळ सांगितलंय त्याला: टॅडीला दे, आणि तेवढंच नॉर्बर्टला द्यायचं असेल तर थांब, मी विचार करून सांगते.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला लसूणतेल चोळ. सुनेला माझा निरोप सांग, काय तो तूच ठरव. तिकडे संत्री झाडावर लागतात असं तू लिहिलंस, इकडेही दुकानात मिळतात.

तुझी थोरली बहीण,
ब्रोन्या

ता. क. मरियामातेचं नाक मोडलं. टॅडीने चिकटवलंय. थोडं डावीकडे गेलंय, आता ती आपल्या यादविगा आत्यासारखी दिसते. प्रार्थना करताना एका बाजूने बघ.

ता. क. दुसरा. हे खरं काम, वर लिहायला जीव होईना. उंदीर खाली उतरल्यावर आणि महापौराचा खोकला थांबल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, बंबवाल्यांच्या युनियनने ते कलम या एका वेळेपुरतं सोडलं, तर पोलिसांच्या करारावर ईस्टरच्या आत सही करतो. त्यांची बैठक ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारनंतर लगेच आहे. तिथली तरुण पोरं सगळी नॉर्बर्टचं ऐकतात. मी त्याला सांगणार नाही, मी कुणासमोर पदर पसरत नाही. तू त्याची आजी आहेस. तू सांग. टॅडीने तुझ्या नॉर्बर्टला पोहायला शिकवलं होतं, हे आठवण म्हणून घाल. मी सांगितलं असं म्हणू नकोस. मरियामातेच्या नाकाबद्दल रागावली असशील तर ते माझ्यावर काढ, टॅडीवर नको. तळघरात छप्पर इतकं खाली आहे की पोराला मान वाकवून जेवावं लागतं.

ता. क. तिसरा. तिकीट नव्हतं म्हणून पाकीट तसंच पडलं होतं, बरं झालं. काल उपासाचा शुक्रवार, नॉर्बर्ट आला. चर्चमधून तळलेल्या माशांचं पुडकं घेऊन, बर्फाने माखलेल्या बुटांसकट थेट माझ्या स्वयंपाकघरात. माझ्याशी बोलायची छाती झाली नाही, सरळ तळघरात टॅडीकडे गेला. मी जिन्यावर बसून ऐकलं. (ऐकत नव्हते, पाय सुजलेत म्हणून बसले होते.) कलम सोडायची सूचना तो स्वतःच मांडणार आहे, अर्धी पोरं त्याने आधीच वळवलीत, कुणी सांगितलं नाही काही नाही. टॅडी म्हणाला, "राहू दे रे, तुलाही मिळू दे, आम्ही थांबू." नॉर्बर्ट म्हणाला, "गप, तुझ्या जुळ्यांनी माझ्या बुटात पिरोगी घातलीय." मग दोघं हसत बसले, गाढवं.

म्हणून वरचा दुसरा ता. क. खोड. नॉर्बर्टला काही सांगू नकोस. आता तुझ्याकडे माझं एकच मागणं आहे. ईस्टरच्या टेबलावर, किंवा त्याच्या पुढच्या, किंवा मी मेल्यावर माझ्या जेवणावळीला, "आमच्या नॉर्बीने टॅडीसाठी सोडलं हो" हे वाक्य तुझ्या तोंडून निघता कामा नये. तशी शपथ मरियामातेसमोर घे, नाक वाकडं असलं तरी चालतं. तेवढं जमत नसेल तर नॉर्बर्टला कळव की सूचना मांडू नको. कोबीशी माझं आताशा बरं जमतंय.

आणि फोटो मी सरळ केलाय. उलटा ठेवला की बंबातलं पाणी सांडेल असं जुळ्यांना वाटतं, रडतात. दुसरं कारण नाही.